दुपारच्या कादंबऱ्या

३ फेब्रुवारी, बर्लिन

मिळालं. काम मिळालं. अनुपला ऑफिसात फोन केला तर म्हणे, "मीटिंगमध्ये आहे गं, संध्याकाळी नाचू." नवरे असेच असतात.

प्रोफेसर ल्युसियाँ ओर्व्हाल यांचं चरित्र मी लिहिणार. मी, म्हणजे नागपूरच्या इंदोऱ्यातल्या विड्या वळणाऱ्या कौसल्याबाईची अरुणा. पुण्यात एम.ए.ला असताना त्यांचं पहिलं पुस्तक झेरॉक्स करून वाचलं होतं, पिनांनी बोटं सोलली होती. समीक्षा म्हणजे लेखकाला मार्क देणं नव्हे, हे मला त्या माणसानं शिकवलं. आता ते शहाऐंशीचे आहेत. तीस वर्षं झाली इथे विल्मर्सडोर्फला राहतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डोळे जवळजवळ गेलेत. पॅरिसच्या प्रकाशकाला पुढच्या वर्षी चरित्र हवंय.

हात पुढे केला, त्यांनी दोन्ही हातांत धरला. पाया पडायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी आम्हाला लहानपणीच सांगितलं होतं की आपण कुणापुढे वाकत नाही, आणि मी आजवर वाकलेली नाही.

डिग्र्या विचारल्या नाहीत. विचारलं काय, तर "तुमच्या आई काय करायच्या?" इतक्या वर्षांत जर्मनीत मला हे कुणी विचारलेलं नव्हतं. मी बोलत सुटले, आईबद्दल, माझ्या अर्धवट पुस्तकाबद्दल. आठ वर्षं ते पडून आहे. ते झालं नाही तर मी काय केलं आयुष्यात, हा प्रश्न मला रोज भांडी घासताना पडतो. सर म्हणाले, "चरित्र झालं की तुमच्या पुस्तकाला प्रस्तावना मी देईन." घरी येताना चुकीच्या भुयारी गाडीत, उ-बानमध्ये, बसले.

११ फेब्रुवारी

सरांची पद्धत कळली. कागद चालत नाही. लॅपटॉप उघडला तर हात वर केला. म्हणाले, लिहिलं की ते मरतं, आधी कानांवर येऊ द्या. रेकॉर्डिंगही नाही. रोज दहा वाजता जायचं. ते आपलं आयुष्य सांगणार, मी ऐकणार, घरी येऊन लिहिणार. आणि निघण्याआधी थोडा वेळ उलटं, मी सांगणार आणि ते ऐकणार. काहीही सांगा म्हणाले, पण स्वतःचं सांगा.

ज्या देशात सायकल कुठे लावावी याचंसुद्धा पत्र येतं, त्या देशात हा माणूस तीस वर्षं तोंडी जगतोय. मला तर कौतुकच वाटलं.

एक अट घातली, की चरित्र होईपर्यंत माझ्या पुस्तकाला हात लावायचा नाही. दोन्हींचे सूर एकमेकांत मिसळतात म्हणे. थोडं खटकलं. पण त्यांनी एवढी पुस्तकं लिहिली आणि मी एकही नाही, तर त्यांना जास्त कळणार.

२७ फेब्रुवारी

लायब्ररीत बसून त्यांच्या आयुष्याचा सांगाडा उभा केला. जन्म रूआँचा, सेन नदीकाठी. वडील रेल्वेत. आई हे तीन वर्षांचे असताना क्षयानं गेली. मग पाद्र्यांच्या वसतिगृहात वाढले. आत्मकथनात लिहिलंय, तेच दोन मुलाखतींतही आहे: "आईचं मला काहीही आठवत नाही, तिच्या अॅप्रनचा रंगसुद्धा नाही."

त्यांची तीन मोठी पुस्तकं. पहिलं खलाशांच्या बायकांच्या पत्रांवर. पहिली बायको ब्रिटनीच्या खलाशाची मुलगी होती. दुसरं अंगाईगीतांवर. तेव्हा एक रोमानियन विद्यार्थिनी त्यांच्याकडे होती, तिची आजी दाई होती आणि गायची. तिसरं थडग्यांवरच्या ओळींवर. तेव्हाची मदतनीस हाइके, तिचे वडील थडग्यांचे दगड घडवायचे. ज्याच्या सोबत राहतील त्याच्या जगाचं सोनं करतात. त्या तिघींपैकी एकीनंही स्वतः पुढे काही लिहिलं नाही, याचं मात्र आश्चर्य वाटतं. एवढी संधी मिळूनही.

१९ मार्च

आज पहिली दुपार सांगितली.

आमचं घर म्हणजे टिनाची एक खोली. खिडकी नव्हती, उजेड दारातून यायचा. म्हणून बायका दाराशी अर्धगोल करून बसायच्या, मांडीवर सूप, सुपात ओला तेंदूपत्ता आणि जर्दा. आई सातवी शिकलेली, वस्तीत वाचता येणारी तीच. विहाराच्या लायब्ररीतून कादंबरी आणायची, सकाळी चुलीपाशी वाचायची आणि दुपारी विड्या वळता वळता सांगायची. शेवट पटला नाही तर बदलायची. नायिका विहिरीत उडी मारायला निघाली, तर आईच्या तोंडी ती विहीर कोरडी असायची. बायकांना हे माहीत होतं. त्या म्हणायच्या, "कौसल्या, आता खरा शेवट सांग." मग दोन्ही शेवटांवर भांडण जुंपायचं. माझं म्हणणं, तीच आमच्याकडची समीक्षा. माझं पुस्तक त्यावरच आहे.

चंद्रभागाबाईचंही सांगितलं. शेवट जवळ आला की ती सूप उचलून आमच्याकडे पाठ करून बसायची. शेवट पाठमोरीच ऐकायची. तोंड कुणाला दिसू द्यायची नाही. हात मात्र वळत राहायचे.

सर डोळे मिटून ऐकतात. माझं वाक्य संपलं की त्यांचे ओठ किंचित हलतात, चव घेतल्यासारखे. म्हणाले, "उद्या दुसरी दुपार."

८ एप्रिल

जेवताना अनुपशी वाजलं. म्हणे, "प्रस्तावनेचं त्यांच्याकडून श्रिफ्टलिश घेतलंस का?"

"काय घ्यायचं त्यात लेखी?"

"प्रस्तावना देणार, आणि तू जे सांगतेस ते तुझं आहे, एवढं. दोन ओळींचा मेल. इथे तोंडी गोष्टीला कुत्रं विचारत नाही, अरुणा."

मी म्हटलं, तू सॉफ्टवेअरवाला, तुला काय कळणार. गुरूकडे लेखी मागायचं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवायचा. आपल्याकडे कुणी मागेल का? "गेनाऊ, तेच तर," अनुप म्हणाला, "म्हणून तर आपल्याकडे..." आणि भात वाढून घेतला. पुढचं बोलला नाही. मला तो पुढचं बोलला नाही की जास्त राग येतो.

सरांना बूट घालताना वाकता येत नाही. रोज मी घालून देते, लेससुद्धा बांधते. ही मदत आहे, वाकणं वेगळं.

३० एप्रिल

आज जे झालं ते जेवणाआधीच लिहून ठेवते.

मी सातवी की आठवी दुपार सांगत होते. सरांनी मध्येच मनगट धरलं. म्हणाले, "थांबा. मला काहीतरी दिसतंय." आणि त्यांना आई आठवली. एवढ्या वर्षांनी. रूआँचं धुलाईघर, नदीकडच्या मोठ्या खिडक्या, काचांवर धरलेली वाफ, कोळशाच्या इस्त्र्या. त्यांची आई इस्त्री करता करता बायकांना कादंबऱ्या सांगायची. शेवट बदलायची. आणि त्यांच्यात मार्त नावाची एक बाई होती. शेवट आला की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

मी रडायलाच लागले. काय हा योगायोग. कुठे इंदोरा, कुठे रूआँ, आणि बायका इथूनतिथून सारख्या. माझ्या म्हणण्याला यापेक्षा मोठा पुरावा कुठला? सर म्हणाले, "तुमच्यामुळे मला माझी आई परत मिळाली, मादाम." आजवर मला कुणी एवढं मोठं काही म्हटलेलं नाही.

एकच शंका विचारली, की आत्मकथनात तर तुम्ही तीन वर्षांचे असताना आई गेली असं आहे. म्हणाले, ती घरच्यांनी सांगितलेली तारीख, आठवण जास्त खरी. पहिलं प्रकरण बदलून घ्यायला सांगितलं. घेते.

१६ मे, ड्युसेलडॉर्फ

हाइकेला भेटायला आले. अठ्ठावन्नची असेल. एका जपानी कंपनीच्या ऑफिसात रिसेप्शनला आहे. स्टेशनजवळच्या बेकरीत बसलो. तिला सरांबद्दल चार चांगल्या गोष्टी विचाराव्यात म्हणून गेले होते, तर ती माझ्याकडेच बघत बसली.

"तुम्ही त्यांना काय सांगताय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, आईच्या दुपारी. तिनं कॉफी ढवळली. म्हणाली, "मी बाबांची वर्कशॉप सांगितली होती. दोन वर्षं. आता बाबांना आठवायला गेले की मला त्यांच्या पुस्तकातलं पान आठवतं. हातोडी बाबा कुठल्या हातात धरायचे, मला सांगता येत नाही. बाबा डावखुरे होते असं माझी बहीण म्हणते. पुस्तकात उजवा हात आहे."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, वय झालं की होतं असं.

"शेवटचं मागितलं का त्यांनी?"

"कसलं शेवटचं?"

"आल्झो, म्हणजे अजून नाही," ती म्हणाली आणि माझ्या कॉफीचेही पैसे देऊन निघून गेली. कडवट बाई. इतक्या मोठ्या माणसाबरोबर काम केलं आणि रिसेप्शनवर बसावं लागलं, तर येत असेल कडवटपणा. परतीच्या आइसीई ट्रेनमध्ये मला एसीत हुडहुडी भरली.

८ जून

रविवार. आईला व्हिडिओ कॉल. तिच्या मोबाईलमध्ये अर्धं कपाळ आणि पंखाच दिसतो. उत्साहानं सरांच्या आईचं सांगितलं, धुलाईघर, इस्त्र्या, मार्त.

आई म्हणाली, "अव अरुणा, हे त आपली चंद्रभागा होय."

"नाही गं आई, ही फ्रान्समधली. मार्त."

"मार्त असो का फार्त असो. पाठ करून कोण बसे? चंद्रभागा बसे. थे त्याच्या गावात कशी गेली व?"

मी हसले. समजावलं की जगात सगळीकडे असं असू शकतं. तर आई म्हणाली, "त्याले तू सारं सांगून टाकलं का? लायब्ररी बंद होती थे दुपारही?"

ती नाही सांगितली. ती दुपार मी कुणालाच सांगितलेली नाही, अनुपलासुद्धा नाही. माझ्या पुस्तकाचा शेवट तोच आहे. मी नऊ वर्षांची होते, ताप होता, गोधडीत पडले होते. लायब्ररी बंद, आईच्या हातात पुस्तकच नाही. बायका म्हणाल्या, काहीही सांग. तर आईनं स्वतःचंच आयुष्य सांगितलं, कादंबरीतल्या बाईचं असल्यासारखं, नाव बदलून. बायकांना कळलंच नाही, की कळलं, कोण जाणे. आणि त्या बाईला तिनं एक शेवट दिला, जो आईच्या आयुष्यात पुढे कधी झाला नाही. त्या एकाच दिवशी चंद्रभागाबाईनं पाठ फिरवली नाही, आईच्या तोंडाकडे बघत बसली.

"बाकीच्या त कादंबऱ्या होत्या," आई म्हणाली. "कोनी घेऊन गेला त घेऊन गेला. थे एक माह्यं हाय. थे त्याले देजो नको."

आई आता थकली. सगळ्या जगातल्या गोष्टी तिला आपल्याच वाटतात. अठ्ठ्याहत्तरीत असं होतंच. तरी नको म्हणाली तर नाही सांगणार, शब्द दिला.

११ जुलै

सरांचं व्याख्यान झालं. हॉल भरला होता, मागे लोक उभे होते. विषय, "शेवट बदलणाऱ्या बायका". दोन तास, हातात कागद नाही. मधूनमधून मला पुढचं वाक्य आधीच माहीत असायचं, तेव्हा अंगावर काटा यायचा. एवढे जुळलेत आमचे विचार. नवं पुस्तक येतंय म्हणाले, याच विषयावर. टाळ्या थांबत नव्हत्या.

माझी ओळख करून दिली: "माझ्या चरित्रकार. माझ्या आईच्या दुपारी यांनीच सर्वप्रथम लिहून ठेवल्या आहेत. शंका असेल त्यांनी यांना विचारावं." दोघातिघांनी विचारलंही. मी सांगितलं, हो, मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकलंय.

अनुप आला होता. येताना गाडी तोच चालवत होता. मागच्या सीटवर लेकीला, मैत्रीला, मार्तची गोष्ट सांगत होते, तर कार्टी जर्मनमध्ये म्हणते, "मम्मा, तू ही आधी वेगळी सांगायचीस. त्यात विड्या होत्या." मी म्हटलं, ती दुसरी. अनुपनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर म्हणाला, "तुझं पुस्तक आता निघालं तर लोक काय म्हणतील, कळतंय ना? म्हणतील, हिनं त्यांचं उचललं. आणि पुरावा कुठला दाखवतील? तू लिहिलेलं चरित्र."

मला इतका राग आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्याला साहित्य कळत नाही, पण हे वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. विचारावं का सरांना? पण कसं विचारायचं? "सर, ते माझं आहे" असं? जीभ रेटणार नाही.

४ सप्टेंबर

सर थकलेत. सुट्टीनंतर आवाज बारीक झालाय. पण ऐकताना तसेच टवटवीत होतात. हल्ली एक विचित्र होतं. पूर्वी माझं वाक्य संपल्यावर त्यांचे ओठ हलायचे. आता माझ्या आधी हलतात.

आज म्हणाले, "काहीतरी राहिलंय. तुम्ही मला शेवट दिलेला नाही."

मला हाइके आठवली. का कोण जाणे, पर्स छातीशी धरली. म्हटलं, एवढंच होतं, सर. ते हसले. म्हणाले, "नऊ वर्षांचं मूल कधी सगळं सांगत नाही." मी नऊ वर्षांची होते हे मी त्यांना सांगितलं होतं का? सांगितलं असेल.

२२ सप्टेंबर

आज दहाला गेले तर बोललेच नाहीत. खिडकीशी बसून होते. मी तासभर बसले आणि आले. शुक्रवारीही असंच. मोलकरीण म्हणाली, जेवत नाहीत.

पहिल्या प्रकरणाचा शेवट होत नाही म्हणून चरित्र अडलंय. चरित्र अडलं की प्रस्तावना अडली. प्रस्तावनेशिवाय माझं पुस्तक कोण छापणार? आणि छापलं तर अनुप म्हणाला तसं होणार. उलट सरांनीच प्रस्तावनेत लिहिलं की हे दोघांनी मिळून शोधलंय, तर कुणाची बोलायची हिंमत होईल? म्हणजे सांगण्यातच शहाणपण आहे. आईला दिलेला शब्द आहे, पण आईला पुस्तक म्हणजे काय ते कळत नाही. हे वाक्य लिहिलं आणि लाज वाटली. आईला कळत नाही, असं मी लिहावं. खोडत नाही, राहू दे.

९ ऑक्टोबर

सांगितली.

सगळी सांगितली, पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत. आईनं त्या बाईला काय नाव दिलं होतं तेही. सरांनी माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. खूप थंड हात. संपल्यावर म्हणाले, "आता तुम्ही मोकळ्या झालात." खरंच हलकं वाटतंय. जिना उतरताना पाय जमिनीला लागत नव्हते.

संध्याकाळी त्यांनी भरपेट जेवल्याचा निरोप मोलकरणीनं पाठवला.

२ नोव्हेंबर

आई फोन घेत नाही. भाची सुलेखा घेते, म्हणते आजी झोपलीय, आजी विहारात गेलीय. शेवटी आज आई आली फोनवर. मी हळूच विचारलं, ती दुपार, लायब्ररी बंद होती ती. आई म्हणाली, "मले काही आठवत नाही." आणि सुलेखाकडे फोन देऊन टाकला. तिच्या आवाजावरून वाटलं, तिला सगळं आठवतंय.

२१ नोव्हेंबर

चरित्राचं पहिलं प्रकरण पॅरिसला गेलं. प्रकाशकाचा मेल आला की इतकं हृद्य बालपण त्यांनी कित्येक वर्षांत वाचलं नाही. सर खूश आहेत. प्रस्तावनेचा विषय मी आज काढला, म्हणाले, "कसली प्रस्तावना, मादाम?" वय झालंय, विसरतात. पुन्हा आठवण करून देईन.

पण एक बरं झालं. म्हणाले, आता तुमचं पुस्तक उघडायला हरकत नाही.

२३ नोव्हेंबर

रविवार. अनुप मैत्रीला घेऊन पोहायला गेला. घर शांत. चहा केला आणि किती महिन्यांनी माझी फाइल उघडली. ठरवलं, आधी शेवटच लिहून टाकायचा, लायब्ररी बंद असल्याची दुपार. बाकीचं नंतर जोडता येईल.

लिहायला घेतलं. मी गोधडीत आहे. ताप आहे. आई बोलायला लागते. बायकांचे हात चाललेत, गरम इस्त्र्यांचा वास येतोय. खोडलं. पुन्हा लिहिलं. आईनं त्या बाईला काय नाव दिलं होतं ते आठवेना. जे नाव येतंय ते फ्रेंच आहे. शेवट काय दिला होता, त्याचीही सरांनी केलेली ओळच आठवते. फार सुंदर ओळ आहे, पण आई असं बोलणार नाही. मग आई काय म्हणाली होती?

तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. चहा निवून गेला. म्हटलं, घाई नको, आधी खोली नीट उभी करावी, माणसं आपोआप येतील. आई खिडकीपाशी बसली होती हे नक्की. काचेवर वाफ धरली होती, चंद्रभागाबाईचं तोंड त्या उजेडात होतं. पण खिडकी उजवीकडे होती की डावीकडे, हे काही केल्या डोळ्यांपुढे येईना. एवढंसं तर आठवायचं. आईला विचारावं तर ती बोलत नाही.

सरांच्या लक्षात असेल. उद्या दहाला गेले की विचारते.